शनिवारची बंद घाणी

येवल्याच्या बाजारपेठेत दर वर्षी भाद्रपद महिना जवळ आला की अनेक जैन घरांत एक जुना संवाद नव्याने सुरू होतो. गौरी-गणपतीची खरेदी रंगात आलेली असते. मनमाडहून कोपरगाव-शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्या पैठणीच्या दुकानांसमोर थांबत असतात. कोणी गौरीसाठी साडी पाहत असते, कोणी लेकीच्या लग्नाची पैठणी आताच निवडून ठेवत असते. आणि नेमकी त्याच दिवसांत संवत्सरी येते. घरातील ज्येष्ठ म्हणतात, "त्या दिवशी दुकान बंद." तरुण मुलगा आदबीने म्हणतो, "बापूजी, उपवास मी करतो, प्रतिक्रमणालाही बसतो. पण दुकान बंद ठेवून काय साधते? समोरचे दुकान उघडे असते. गिऱ्हाईक एकदा तिकडे वळले की पुन्हा आपल्याकडे येईलच असे नाही."

बापूजींच्या मनात उत्तर असते. परंतु ते शब्दांत उतरत नाही. "आपल्या घरात असेच चालत आले आहे," एवढेच ते म्हणतात. मुलगा गप्प बसतो, पण त्याचे समाधान होत नाही. प्रश्न पुढच्या वर्षापर्यंत तसाच राहतो.

मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. व्यापारात एका दिवसाची किंमत काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचाच तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याच महाराष्ट्रातील, आपलीच मराठी भाषा बोलणाऱ्या एका छोट्याशा समाजाच्या इतिहासाकडे पाहावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या राहिलेला हा समाज म्हणजे बेने इस्राएल, म्हणजेच मराठी ज्यू. त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता, ना धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर. होता तो आठवड्यातील एका दिवसाचा नेम. त्या नेमाचे मूळ मात्र फार जुन्या एका कथेत आहे. ती आधी पाहू.

वाळवंटातील दाणे

ज्यू परंपरेतील ही कथा मोशेच्या काळातील आहे. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटलेले लोक मोशेच्या मागोमाग वाळवंटातून निघाले होते. जवळची शिदोरी संपली. पोटात भूक पेटली तेव्हा लोक कुरकुर करू लागले; गुलामगिरीत निदान पोटभर अन्न तरी मिळत होते, असे म्हणू लागले. त्यानंतर एके दिवशी सकाळी दव सुकल्यावर त्यांना जमिनीवर बारीक पांढरे दाणे पसरलेले दिसले. धण्याएवढे ते दाणे चवीला मध घातलेल्या पोळीसारखे लागत. लोकांनी त्यांना 'मान्ना' म्हटले.

मान्ना गोळा करण्याचा नियम साधा होता. घरात जितकी माणसे असतील तितकी मापे घ्यावीत आणि उद्यासाठी काही ठेवू नये. ज्यांनी अधिक गोळा केले त्यांचे मापले तेव्हा जास्त भरले नाही, आणि ज्यांनी थोडे गोळा केले त्यांना कमी पडले नाही. तरीही काहींचा विश्वास बसला नाही. उद्या मिळाले नाही तर काय, या धास्तीने त्यांनी रात्री साठा करून ठेवला. सकाळी पाहतात तो त्यात किडे पडलेले आणि दुर्गंधी सुटलेली.

सहाव्या दिवशी मात्र प्रत्येकाला दुप्पट मान्ना मिळाले आणि त्या दिवशीचा साठा दुसऱ्या दिवशी नासला नाही. मोशेने सांगितले की सातवा दिवस विश्रांतीचा आहे. त्या दिवशी कोणी बाहेर पडू नये. तरी काही जण सवयीने टोपली घेऊन निघालेच. त्यांना वाळूखेरीज काही सापडले नाही.

अपरिग्रहाचा विचार ज्यांच्या घरात लहानपणापासून कानांवर पडतो त्यांना या कथेचा पहिला अर्थ लगेच उमगेल. गरजेपुरते घेतलेले अन्न टिकते; भीतीपोटी साठवलेले नासते. परंतु कथेचा दुसरा अर्थ अधिक खोल आहे. हे लोक कालपर्यंत गुलाम होते. गुलामाला सुट्टी नसते. त्याचा दिवस, त्याचे हात, त्याची झोप सारे धन्याच्या मालकीचे असते. आठवड्यातून एक दिवस स्वतःहून हातातले काम थांबवता येणे ही गुलामगिरी संपल्याची पहिली खूण होती. म्हणूनच ज्यू धर्मशास्त्राने सातव्या दिवसाची, म्हणजे 'शब्बाथ'ची, विश्रांती केवळ घरच्या धन्यासाठी ठेवली नाही. घरातील नोकर, मोलकरीण आणि गावात राहणारा परका माणूस यांनाही ती दिली. एवढेच नव्हे, तर बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी जोखडातून मोकळे ठेवावे असे सांगितले. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा, कारण कोकणात तोच एका घाणीपाशी पुन्हा भेटणार आहे.

नवगावचा किनारा

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली बाकीच्यांची प्रेते नवगावला पुरण्यात आली. त्या ठिकाणी आज स्मारक आहे. वाचलेल्यांजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नव्हते. धर्मग्रंथही समुद्रात गेले.

गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. हळूहळू ते कोकणात पसरले. ज्या गावात राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. किहिमचे किहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेउलकर, अष्टमीचे अष्टमकर. त्यांची बोली मराठी झाली, स्त्रियांनी नऊवारी नेसली, गळ्यात मंगळसूत्र आले. पुढे हिब्रू भाषेचाही विसर पडला. एखादा प्रवासी त्या काळी त्या गावांतून गेला असता तर त्याला हे लोक वेगळे म्हणून ओळखता आले नसते.

परंतु गावकऱ्यांना ते ओळखता येत होते. उपजीविकेसाठी या समाजाने शेतीबरोबर तेल गाळण्याचा धंदा पत्करला होता. कोकणातील इतर तेली आपली घाणी सोमवारी बंद ठेवत, कारण तो शंकराचा वार. हे नवे तेली मात्र शनिवारी घाणी बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

या नावाचा थोडा विचार करावा. ते या समाजाने स्वतःला दिलेले नाही. शेजाऱ्यांनी दिलेले आहे. त्यात कुलाचा अभिमान नाही, पंथाचा उच्चार नाही, देवाचे नावही नाही. त्यात केवळ दोन गोष्टी आहेत. हा माणूस काय काम करतो, आणि कोणत्या दिवशी ते करत नाही. तेल तर गावोगाव मिळत होते. या लोकांची ओळख ठरली ती त्यांनी न विकलेल्या दिवसामुळे.

तो दिवस फुकट पाळला जात नव्हता. शनिवारी ज्या घरातले तेल संपले असेल ते घर शेजारच्या सोमवार तेल्याकडे जाणार, हे उघड होते. आपल्या तरुण व्यापाऱ्याचा जो प्रश्न आहे तोच प्रश्न त्या काळी चौलच्या किंवा पेणच्या एखाद्या तेल्याच्या मुलानेही बापाला विचारला असेल. बापाजवळ दाखवायला ग्रंथ नव्हता. नियम कोठे लिहिला आहे, कोणी सांगितला, का सांगितला, यांतले त्याला फारसे काही सांगता आले नसते. तोही कदाचित एवढेच म्हणाला असेल की, आपल्या घरात असेच चालत आले आहे. आणि शनिवारी घाणी थांबली की घाणीला जुंपलेला बैलही थांबत असे. शास्त्रवचन विसरलेल्या त्या घरात शास्त्रातला बैल मात्र दर आठवड्याला एक दिवस जोखडातून सुटत होता. ग्रंथ बुडाला होता. पण त्यातली करुणा आचरणातून तरंगत राहिली होती.

शनिवारबरोबर आणखी काही गोष्टी उरल्या होत्या. मुलाची आठव्या दिवशीची सुंता, आहारातील काही निर्बंध, ठरावीक सण आणि उपवास, आणि देव एकच आहे असे सांगणाऱ्या 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द. जन्म असो, लग्न असो वा मृत्यू, त्यांच्याजवळ हीच एक प्रार्थना होती.

कागदाविना वहिवाट

अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी या समाजाचा संबंध आला. समाजाच्या आठवणीत त्या भेटीचे नाव आहे डेव्हिड रहाबी. काही जण रहाबींचा काळ याहून पुष्कळ मागे नेतात. परंतु कथा सर्वत्र एकच सांगितली जाते. हे लोक खरोखर ज्यू आहेत काय, याची रहाबींना परीक्षा घ्यायची होती. त्यांनी एका घरातील स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र ठेवले आणि रांधायला सांगितले. त्या स्त्रियांनी ज्यांना खवले व पंख नाहीत असे मासे बाजूला काढले आणि सांगितले की हे आमच्याकडे चालत नाहीत. ज्यू आहारशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. रहाबींची खात्री पटली. त्यांनी तीन घराण्यांतील तरुण निवडून त्यांना प्रार्थना आणि विधी शिकवले. गावातील लोक त्यांना 'काजी' म्हणू लागले.

या समाजाचा आहार शाकाहारी नव्हता, हे खरे आहे, आणि आपल्या वाचकांना या कथेचा तपशील जवळचा वाटणार नाही. परंतु तिच्यातील मुद्दा प्रत्येक श्राविकेला परिचित आहे. आपल्या घरातही कंदमुळाचा विचार, सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम, पाणी गाळून घेण्याची सवय पुस्तकातून आलेली नसते. ती आजीच्या हातातून आईच्या हातात आणि आईच्या हातातून मुलीच्या हातात येते. रहाबींच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला तो पंडित नव्हे, स्वयंपाकघर.

यानंतरची दुसरी कथा एका नवसाची आहे. सॅम्युएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील बेने इस्राएल अधिकारी. म्हैसूरच्या टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात ते कैद झाले. समाजात सांगतात की, कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले; टिपूच्या मातेने ते नाव कुराणातून ऐकलेले असल्याने त्यांना जीवदान देण्याची विनंती केली. कैदेत असताना दिवेकरांनी मनाशी ठरवले होते की, सुखरूप परतलो तर मुंबईत प्रार्थनामंदिर बांधीन. अनेक माणसे संकटात नवस बोलतात आणि संकट टळल्यावर सोयीस्करपणे विसरतात. दिवेकर विसरले नाहीत. १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. हिब्रूत त्याचे नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. मराठी ज्यू आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे मानले जाते. मंदिर झाले, पण त्यात ठेवायला तोराच्या गुंडाळ्या हव्या होत्या. त्या मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि तेथेच १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढच्या शतकात मुंबईत शिक्षणाची दारे उघडली. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्या काळातील बेने इस्राएल मुले मिशनच्या शाळांतून शिकली. तेथे त्यांना आपलीच विसरलेली भाषा परत मिळाली. पण धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. १८७५ मध्ये मुंबईत या समाजाची शाळा सुरू झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ एके काळी एक पान नव्हते, त्यांच्याजवळ आता पोथी, शाळा आणि इतिहास असे सारे आले.

आणि तरीही एक कठीण प्रसंग पुढे वाट पाहत होता. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. जेथे आपण परके नसू अशी त्यांची समजूत होती, तेथेच १९६० नंतरच्या वर्षांत काही धर्मगुरूंनी त्यांना अडवले. तुमच्या पूर्वजांचे विवाह, घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते याला पुरावा काय, असा प्रश्न विचारला गेला. बेने इस्राएल तरुण-तरुणींचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी अनेक पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान निघाले. पुरावा कोठून आणणार? कागद तर नवगावच्या समुद्रात गेले होते.

या अपमानापुढे समाज झुकला नाही. त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने धरणे धरले, उपोषणे केली. भारताच्या भूमीत वाढलेल्या लोकांना हा मार्ग कोणी शिकवावा लागला नाही. अखेर १९६४ मध्ये तेथील पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि संसदेने जाहीर केले की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांच्यात व इतरांत भेद करता येणार नाही.

मालमत्तेच्या व्यवहारात दोन गोष्टी पाहिल्या जातात, कागद आणि वहिवाट. ज्याच्याजवळ कागद नाही, पण जो पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आला आहे, त्याचा हक्क सहजासहजी नाकारता येत नाही. बेने इस्राएलांजवळ धर्माचा कागद नव्हता, वहिवाट होती. कोकणातील असंख्य शनिवारांची वहिवाट.

सहा दिवसांची परीक्षा

येथे कोणी म्हणेल की, एक दिवस दुकान बंद ठेवले आणि उरलेले दिवस माप मारले, तर त्या नेमाचा उपयोग काय? हा आक्षेप योग्य आहे, आणि ज्यू परंपरेने त्याचाही विचार केला आहे. बॅबिलोनियातील राव साफ्रा नावाच्या धर्मपंडिताची कथा त्यासाठी सांगितली जाते.

राव साफ्रा यांच्याजवळ विकावयाची एक वस्तू होती. एके दिवशी ते शेमा प्रार्थना म्हणत असताना गिऱ्हाईक आले आणि त्याने किंमत सांगितली. किंमत राव साफ्रांना मान्य होती. परंतु प्रार्थना मध्येच थांबवून बोलायचे नाही म्हणून ते गप्प राहिले. गिऱ्हाइकाला वाटले, किंमत कमी पडली. त्याने ती वाढवली. तरी उत्तर नाही. त्याने आणखी वाढवली. प्रार्थना संपल्यावर राव साफ्रा म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा जी किंमत सांगितलीत, तीच द्या. तेवढ्यात विकायचे मी मनाशी ठरवले होते."

त्यांनी वाढीव किंमत घेतली असती तर कायद्याने कोणी दोष दिला नसता. त्यांनी फसवले नव्हते, खोटे बोलले नव्हते, तोंडही उघडले नव्हते. परंतु मनात झालेला सौदा त्यांनी झालेलाच मानला. सत्य हे जिभेपुरते नसते, ते मनातही पाळायचे असते, याचे उदाहरण म्हणून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली.

या कथेत नेमाचे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. प्रार्थनेच्या वेळी व्यापार थांबला, हा एक नेम. प्रार्थना संपल्यावर व्यापारात ती प्रार्थना उतरली, हा दुसरा नेम. पहिला नसेल तर दुसऱ्याला आधार नाही. दुसरा नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. सामायिक करून उठलेला श्रावक दुकानाच्या गादीवर बसतो तेव्हा त्याची हीच परीक्षा सुरू होते. हाती विणलेली पैठणी आणि यंत्रावर विणलेली साडी यांतील फरक दूरच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. तो न विचारताही सांगणे हाच राव साफ्रांचा धडा आहे.

दारे मिटण्याचा सण

कोकणातील बेने इस्राएलांनी आपल्या सणांची हिब्रू नावे विसरल्यावर त्यांना मराठी नावे दिली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, अशी ती घरगुती नावे. त्यांतील सर्वांत पवित्र दिवसाचे नाव होते 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे मिटून घेण्याचा सण. हिब्रूत त्यालाच 'योम किप्पूर' म्हणतात. हा दिवस बहुधा भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, म्हणजे आपल्या पर्युषणानंतर थोड्याच दिवसांनी येतो. त्या दिवशी कोकणातील ज्यू कुटुंबे पांढरी वस्त्रे नेसत, अन्नपाणी वर्ज्य करत, दार लावून घरात बसत आणि बाहेरच्यांशी बोलणे टाळत. निर्जल उपवास, शुभ्र वस्त्र, मौन आणि आत्मचिंतन हे वर्णन जैन वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या दिवसाविषयी ज्यू धर्मशास्त्राने घातलेली एक अट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. देवाच्या बाबतीत जे अपराध घडले, त्यांचे प्रायश्चित्त या उपवासाने होते. परंतु माणसाच्या बाबतीत जे अपराध घडले, त्यांचे प्रायश्चित्त उपवासाने होत नाही. त्यासाठी त्या माणसाकडे जाऊनच क्षमा मागावी लागते. तो पहिल्यांदा ऐकणार नाही, तर दुसऱ्यांदा जावे. दुसऱ्यांदा ऐकणार नाही, तर तिसऱ्यांदा जावे. दार मिटून बसण्याआधी दुसऱ्याच्या दारी जाऊन यावे, असा हा नियम आहे.

आपल्याकडे संवत्सरीला खमतखामणा होतो. "मिच्छामि दुक्कडं" हे शब्द अलीकडे एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो लोकांना पाठवता येतात. ज्यांच्याशी कधी भांडण झालेच नाही अशा शेकडो लोकांपर्यंत ते पोहोचतात. आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद आहे तो सख्खा भाऊ, जुना भागीदार किंवा शेजारचा दुकानदार त्यांतून नेमका राहून जातो. कोकणातल्या मिटलेल्या दारांनी शिकवलेली गोष्ट अशी की, ज्याच्या दारी जायला पाऊल जड होते, क्षमा तेथूनच सुरू होते.

पुन्हा येवल्यात

आज रायगड जिल्ह्यात बेने इस्राएलांची फार थोडी घरे उरली आहेत. गावोगावची प्रार्थनामंदिरे क्वचितच भरतात. अलिबागजवळच्या सागावला खंडाळा म्हणून एक स्थान आहे. प्रेषित एलियाहूचा रथ तेथून स्वर्गाकडे गेला, अशी या समाजाची श्रद्धा. नवस फेडायला लोक आजही तेथे येतात आणि पोहे, गूळ, ओले खोबरे, फळे यांचा मलिदा वाटतात. इस्राएलला गेलेल्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी दोनच वर्षे, २०१४ मध्ये, जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर तो मिळाला होता. शासनाचा दर्जा ही चांगली गोष्ट आहे. त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात, संस्थांना आधार मिळतो. परंतु कोणताही समाज शासनाच्या राजपत्राने टिकत नाही. शनिवार तेल्यांना कोणत्याही राजपत्राचा आधार नव्हता, तरी ते टिकले.

आता त्या तरुण मुलाच्या प्रश्नाकडे परत यावे. दुकान बंद ठेवून काय साधते?

गिऱ्हाईक जाते, हे खरे आहे. त्या दिवशीच्या खात्यात जमेच्या बाजूला काहीच लिहिले जात नाही, हेही खरे आहे. पण त्या दिवशी दुकानातल्या नोकरालाही त्याच्या मुलाबाळांत गणपतीचा दिवस मिळतो. घरातली लहान मुले पाहतात की, आपले वडील पैशाला "आज नको" असे म्हणू शकतात. आणि ज्याला वर्षातून एक दिवस हे म्हणता येते, त्याला इतर दिवशी खोट्या मालाला, खोट्या मापाला, खोट्या शब्दाला नको म्हणण्याचे बळ येते. हा हिशेब एका मोसमाच्या ताळेबंदात दिसत नाही. तो पिढ्यांच्या वहीत दिसतो.

बापूजींच्या "असेच चालत आले आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच होता. ते वाक्य अपुरे नव्हते, फक्त त्याच्यामागची गोष्ट सांगायची राहून गेली होती. म्हणून ज्येष्ठांनी पुढच्या पिढीला नेम सांगताना त्याची गोष्टही सांगावी. शनिवार तेल्यांना ती सांगता आली नाही, कारण त्यांचे ग्रंथ समुद्राने नेले होते. आपले ग्रंथ घरात आहेत. ते कपाटात बंद राहिले, तर समुद्रात गेल्यासारखेच.

या वर्षीही संवत्सरीच्या दिवशी येवल्याच्या पेठेत एखादे शटर खाली असेल. शिर्डीच्या वाटेवरचे एखादे कुटुंब त्यासमोर थांबेल आणि शेजारच्या दुकानदाराला विचारेल की हे दुकान कायमचे बंद झाले की काय. तो शेजारी जैन नसेल, त्याचे स्वतःचे दुकान उघडे असेल, त्याला ते गिऱ्हाईक हवेही असेल. तरी तो म्हणेल, "नाही हो, आज त्यांची संवत्सरी. उद्या या, उघडे असेल."

नवगावच्या तेल्यांना त्यांचे नाव असेच शेजाऱ्यांच्या तोंडून मिळाले होते.